‘फ्राउन’ की ‘स्काउल’? कपाळावरची आठी इंग्रजीत कशी ओळखावी

भाषांतराच्या वर्गात एकदा मी एक साधे इंग्रजी वाक्य दिले होते. डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरतात, क्षणभर पाहतात आणि ‘फ्राउन’ करतात, एवढाच त्याचा आशय होता. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा निम्म्याहून अधिक वह्यांमध्ये डॉक्टर रागावले होते आणि एकीत तर त्यांनी एक्स-रेकडे ‘संतापाने’ पाहिले होते. ते नेमके कोणावर संतापले, हाडावर की यंत्रावर, असे विचारल्यावर वर्ग हसला. पण चूक कोठे झाली, हे मात्र कोणालाच सांगता येईना. दोष मुलांचाही नव्हता. ‘फ्राउन म्हणजे कपाळाला आठ्या घालणे’ हा अर्थ आपण शाळेतच पाठ केलेला असतो, आणि मराठीत ज्याच्या कपाळाला आठ्या असतात तो माणूस नाराज असतो, हेही आपण गृहीत धरलेले असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की बिचारे डॉक्टर चिडतात.

‘फ्राउन’ आणि ‘स्काउल’ हे दोन्ही शब्द भुवयांशी संबंधित आहेत आणि शब्दकोशात एकाचा अर्थ देताना पुष्कळदा दुसऱ्याचा आधार घेतला जातो, त्यामुळे ते समानार्थी वाटतात. तसे ते नाहीत. ‘फ्राउन’ हा शब्द भुवयांचे काय झाले एवढेच सांगतो. त्या का जवळ आल्या, हे पुढच्यामागच्या वाक्यांवरून ठरवायचे असते. ‘स्काउल’ हा शब्द मात्र भुवयांबरोबर मनातला रागही सांगून टाकतो. हा एक फरक पक्का झाला की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. म्हणून तो आधी शब्दकोशात न शोधता आरशात पाहावा, असे मी सुचवेन.

आरशासमोर बसून सुईत दोरा ओवून पाहा. दोन-तीनदा दोरा हुकला की भुवया आपोआप खाली येतात, एकमेकींकडे सरकतात आणि त्यांच्यामध्ये एक किंवा दोन उभ्या रेषा उमटतात. तुम्ही रागावलेले नसता. फक्त काम अडलेले असते. इंग्रजीत या चेहऱ्याला ‘फ्राउन’ म्हणतात. आता कोणीतरी आश्चर्याची बातमी सांगितली आहे अशी कल्पना करून भुवया वर उचला. कपाळावर आडव्या रेषा दिसतील. मराठीत त्या रेषांनाही आपण आठ्याच म्हणतो, पण हा चेहरा ‘फ्राउन’ नव्हे, किंबहुना त्याच्या अगदी उलट आहे, कारण येथे भुवया वर गेल्या आहेत. उभी रेषा आणि आडवी रेषा यांतला हा भेद मराठी शब्दात झाकला जातो, आणि गोंधळाचे निम्मे मूळ तेथेच असावे असे मला वाटते.

उभ्या रेषा पाडणाऱ्या स्नायूचे शास्त्रीय नाव कॉरुगेटर सुपरसिलिआय असे आहे. प्रत्येक भुवईच्या आतल्या टोकाशी तो असतो आणि भुवईला खाली व आत ओढतो. चार्ल्स डार्विनने मानवाच्या आणि प्राण्यांच्या भावदर्शनावर 1872 साली जो ग्रंथ लिहिला, त्यात या स्नायूचा विचार बारकाईने केलेला आहे. त्याचे निरीक्षण असे होते की माणूस कितीही खोल विचारात गढलेला असला तरी त्याचे कपाळ गुळगुळीत राहू शकते. विचाराच्या वाटेत काही अडथळा आला किंवा कोणी व्यत्यय आणला, की मगच भुवया जवळ येतात. म्हणजे डार्विनच्या मते हा चेहरा मुळात अडचणीचा आहे; राग ही त्या अडचणींपैकी केवळ एक. उघड्या डोक्याने उन्हात लांबवर पाहतानाही हाच स्नायू आकसतो, आणि तेथे तर नाराजीचा प्रश्नच नसतो. पुढे 1978 मध्ये पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक देणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात भुवया खाली येण्याच्या हालचालीला 4 हा क्रमांक आहे, आणि तो क्रमांक कोणत्याही भावनेचे नाव घेत नाही. भाषांतरकाराने ‘फ्राउन’ हा शब्द याच अलिप्तपणाने वाचावा.

आता ‘स्काउल’ पाहू. त्यासाठी आरसा पुरेसा नाही, समोर माणूस हवा. संध्याकाळच्या गर्दीत मुंबईच्या लोकलमध्ये तिघे बसलेल्या बाकापाशी जाऊन ‘जरा सरकता का?’ असे म्हणा. कडेला बसलेला गृहस्थ चौथ्या सीटपुरते सरकतो, पण सरकताना मान न उचलता भुवयांच्या खालून तुमच्याकडे जे पाहतो, ते ‘स्काउल’ होय. भुवया येथेही खाली आलेल्याच आहेत. तथापि त्यांच्यासोबत ओठ घट्ट मिटलेले आहेत, जबडा आवळलेला आहे, मान किंचित खाली आहे आणि नजर तुमच्यावर रोखलेली आहे. शिवाय हा चेहरा लगेच निवळत नाही. दादरला चढलेला माणूस कुर्ल्याला उतरेपर्यंतही तो टिकू शकतो. ‘फ्राउन’ कपाळावरून ढगाच्या सावलीसारखे सरकून जाऊ शकते, ‘स्काउल’ मात्र मुक्काम करते.

या वर्णनावरून वाक्य तपासण्याची एक कसोटी तयार होते, आणि मी ती सर्वांत आधी वापरतो. शब्दाच्या आधी ‘गोंधळलेला’, ‘काळजीचा’ किंवा ‘एकाग्रतेचा’ हे विशेषण लावून पाहावे. ‘अ पझल्ड फ्राउन’, ‘अ वरीड फ्राउन’, ‘अ स्लाइट फ्राउन’ ही जोडणी इंग्रजीत रोजच्या वापरातली आहे. ‘अ पझल्ड स्काउल’ मात्र कानाला खटकते, कारण गोंधळलेला माणूस शत्रुत्वाने पाहत नाही. उलट ‘अँग्री’, ‘डार्क’, ‘सलन’ ही विशेषणे ‘स्काउल’ला सहज चिकटतात. तुमच्या वाक्यातील माणूस नकाशा पाहत असेल, हिशेब जुळवत असेल, दूरची पाटी वाचत असेल किंवा फोनवरचा आवाज नीट ऐकू येत नसेल, तर शब्द ‘फ्राउन’ हाच. तो कोणाचा तरी राग करत असेल आणि तो राग लपवण्याची त्याची इच्छाही नसेल, तर ‘स्काउल’ विचारात घ्यावा.

राग असूनही ‘फ्राउन’ चालणार नाही असे मात्र नाही. शिक्षिका उशिरा आलेल्या मुलाकडे पाहून ‘फ्राउन’ करतात तेव्हा त्यांची नापसंती कळतेच. फरक मात्रेचा आणि हेतूचा आहे. त्याच शिक्षिकांनी ‘स्काउल’ केले असे लिहिले, तर वाचकाच्या मनात त्या एकदम तिरसट, थोड्या क्षुद्र वृत्तीच्या ठरतात, आणि मुलाविषयी सहानुभूती निर्माण होते. ‘स्काउल’ हा शब्द करणाऱ्याला फारसा शोभा देणारा नाही. म्हणूनच कोणी स्वतःबद्दल सांगताना सहसा ‘मी फ्राउन केले’ असे म्हणेल. ‘मी स्काउल केले’ असे म्हणणारा बहुधा स्वतःचीच थट्टा करत असतो. कथेत हा शब्द वापरताना आपण पात्राची बाजू नकळत ठरवून टाकत आहोत, याचे भान ठेवावे.

दुसरी कसोटी व्याकरणाची आहे. दोन्ही क्रियापदांना ‘अ‍ॅट’ हे शब्दयोगी लागते: ‘शी फ्राउन्ड अ‍ॅट द बिल’, ‘ही स्काउल्ड अ‍ॅट द वेटर’. या दोन उदाहरणांतील नामेही पाहण्यासारखी आहेत. बिलाकडे पाहून भुवया जवळ येतात, कारण आकडा समजत नाही किंवा पटत नाही. राग मात्र जिवंत माणसावर, त्या बिचाऱ्या वेटरवर निघतो. ‘स्काउल’ निर्जीव वस्तूकडे पाहूनही करता येतो, पण तेव्हा ती वस्तू जणू मुद्दाम त्रास देत आहे असा सूर वाक्यात येतो. बंद पडलेल्या प्रिंटरकडे पाहताना तो सूर अगदी योग्य ठरतो.

‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ हे शब्द मात्र केवळ ‘फ्राउन’लाच जोडले जातात, आणि तसे झाल्यावर चेहरा उरतच नाही. ‘स्मोकिंग इज फ्राउन्ड अपॉन हिअर’ या वाक्यात कोणाचीही भुवई हललेली नसते. येथे धूम्रपान केलेले लोकांना आवडत नाही, एवढेच ते सांगते. बंदी आहे असाही त्याचा अर्थ नाही, आणि कार्यालयीन पत्रांच्या भाषांतरात ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. नियमाने मनाई असणे वेगळे आणि लोकांनी नाक मुरडणे वेगळे. ‘नाक मुरडणे’ हाच येथे मराठीतला नेमका वाक्प्रचार आहे. गंमत अशी की ‘फ्राउन’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या सुमारास आला आणि त्याचे मूळ नाकपुडी या अर्थाच्या एका केल्टिक शब्दाशी नेऊन भिडवले जाते. म्हणजे मराठी भाषांतरकार त्याला पुन्हा त्याच्या जन्मस्थानी नेऊन सोडतो. ‘स्काउल’ची वाट उत्तरेकडची आहे, डॅनिश भाषेत तिरक्या, नाराज नजरेने पाहण्याला त्याच्या नात्यातले क्रियापद आजही वापरतात.

येथपर्यंतचे विवेचन ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीला धरून आहे, कारण आपल्या शाळांमध्ये तेच शिकवले जाते. अमेरिकेत एक वेगळी गोष्ट घडली आहे, आणि अमेरिकी मालिका पाहणाऱ्या किंवा तेथे राहणाऱ्या मराठी वाचकाला तिची माहिती नसेल तर अर्थ पूर्ण चुकू शकतो. अनेक अमेरिकी लोकांच्या बोलण्यात ‘फ्राउन’ भुवयांवरून उतरून तोंडावर आले आहे. ओठांचे कोपरे खाली झुकलेले, म्हणजे स्मिताच्या उलट असलेले तोंड, असा त्यांच्या मनात त्याचा अर्थ असतो. रुसलेल्या मुलाला तेथे ‘टर्न दॅट फ्राउन अपसाइड डाउन’ असे म्हणतात. फ्राउन उलटे केले की हसू तयार होते, ही कल्पना भुवया डोळ्यांसमोर ठेवून समजतच नाही, ओठ डोळ्यांसमोर ठेवले की लगेच समजते.

याचा सर्वांत सोपा पुरावा तुमच्या फोनमध्ये आहे. युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरे आणि चिन्हे ठरवणाऱ्या जागतिक प्रमाणपद्धतीच्या, 1993 सालच्या संचापासून ‘व्हाइट फ्राउनिंग फेस’ नावाचे एक चिन्ह आहे: एक वर्तुळ, दोन ठिपक्यांचे डोळे आणि खाली वळलेले तोंड. त्याला भुवया काढलेल्याच नसतात. 2014 मध्ये आलेले ‘स्लाइटली फ्राउनिंग फेस’ हे पिवळे इमोजीही तसेच, बिनभुवयांचे. ज्याला आपण ‘फ्राउन’ म्हणून ओळखतो तो चेहरा पाहायचा असेल तर ‘अँग्री फेस’ हे इमोजी काढावे लागते, जेथे भुवया खाली आलेल्या आहेत. आणि ते तर खरे म्हणजे ‘स्काउल’च्या अधिक जवळ जाते. गोंधळ पूर्ण करण्यासाठी अमेरिकेतच भुवयांमधल्या उभ्या रेषांना ‘फ्राउन लाइन्स’ असे म्हणतात; 2002 मध्ये तेथील औषध प्रशासनाने बोटॉक्सला सौंदर्योपचार म्हणून परवानगी दिली ती याच रेषांसाठी. म्हणजे एकाच देशात ‘फ्राउन’ तोंडावर आहे आणि त्याच्या सुरकुत्या मात्र कपाळावर आहेत. हसण्यापेक्षा ‘फ्राउन’ करायला जास्त स्नायू लागतात, असे सांगणारी भित्तिपत्रकेही यातूनच निघतात. प्रत्येक भित्तिपत्रकावर स्नायूंचा आकडा वेगळा असतो, तेव्हा त्यावर विसंबू नये.

त्यामुळे अमेरिकी मजकुरात ‘फ्राउन’ आले की आधी पात्र दुःखी आहे की विचारात आहे, हे पाहावे. खेळणे हरवलेले मूल ‘फ्राउन’ करत असेल तर त्याच्या कपाळाला आठ्या घालू नयेत. ‘त्याचे तोंड एवढेसे झाले’ किंवा ‘ते हिरमुसले’ असे लिहावे. ‘स्काउल’बाबत असा प्रश्न उद्भवत नाही. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर त्याचा अर्थ एकच आहे, आणि म्हणून दोन्हीकडचा वाचक डोळ्यांसमोर ठेवून इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो शब्द अधिक भरवशाचा वाटतो.

उच्चाराविषयी थोडक्यात सांगतो. दोन्ही शब्दांत ‘आउ’ असा स्वर आहे. ‘फ्राउन’ हा ‘टाउन’, ‘ब्राउन’, ‘क्लाउन’ यांच्या पंक्तीतला. ‘ग्रोन’ आणि ‘ब्लोन’ यांचे स्पेलिंग तसेच दिसत असले तरी त्यांच्या पंक्तीतला नव्हे. ‘स्काउल’चा यमक घुबडाच्या ‘आउल’शी जुळतो. आपल्याकडे त्याचा उच्चार ‘स्कोल’ असा ऐकू येतो आणि मग ‘स्कोल्ड’ म्हणजे रागावून बोलणे या शब्दाशी त्याची गल्लत होते. ‘स्काउल’ करणारा माणूस तोंडाने एक अक्षरही काढत नाही. त्याचा नातेवाईक म्हणून लक्षात ठेवायचाच असेल तर ‘ग्राउल’ ठेवावा: कुत्रा जे घशातून करतो ते ‘ग्राउल’, आणि माणूस जे चेहऱ्याने करतो ते ‘स्काउल’.

‘नो, ही फ्राउन्ड’ अशी संवादाची वाक्ये हल्ली इंग्रजी कथांत सर्रास दिसतात आणि नवे लेखक ती उचलतात. भुवयांनी बोलता येत नाही, या साध्या कारणाने चोखंदळ संपादक त्यांवर काट मारतात. संवाद एका वाक्यात संपवावा आणि चेहरा दुसऱ्या वाक्यात द्यावा. मराठीतही ‘“नाही,” त्याने आठी घातली’ असे कोणी लिहीत नाही.

आता मराठीत काय लिहावे, हा मूळ प्रश्न. ‘फ्राउन’साठी माझ्याकडे एक ठराविक शब्द नाही, आणि असू नये असेच मला वाटते. विचार किंवा अडचण असेल तेथे ‘त्याच्या भुवया जवळ आल्या’, ‘भुवया आक्रसल्या’, ‘कपाळावर सूक्ष्म आठी उमटली’ असे लिहिता येते. एकवचनी ‘आठी’ आणि अनेकवचनी ‘आठ्या’ यांत मराठी कानाला फरक जाणवतो. एक आठी विचाराची असू शकते, आठ्यांचे जाळे नाराजीचेच असते. त्याचप्रमाणे आठी ‘उमटली’ किंवा ‘पडली’ म्हटले की ती नकळत आली असे वाटते. ‘घातली’ म्हटले की माणसाने ती मुद्दाम दाखवली असे होते. ‘फ्राउन’ बहुधा उमटते, म्हणून क्रियापदाची ही निवड विशेषणापेक्षा जास्त काम करते. काळजी असेल तर ‘त्यांचा चेहरा चिंताक्रांत झाला’ असे लिहून भुवया पूर्णपणे सोडून दिल्या तरी काही बिघडत नाही. जुन्या वळणाच्या लेखनातील ‘भ्रुकुटी वक्र झाली’ हा प्रयोग मात्र आज ऋषीमुनींपुरताच ठेवावा; एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांना तो पेलत नाही.

‘स्काउल’साठी आपली भाषा चांगली श्रीमंत आहे. ‘खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिले’, ‘कपाळाला आठ्या घालून रागाने पाहिले’, ‘त्रासिक चेहऱ्याने पाहिले’ यांतून मात्रेप्रमाणे निवड करता येते. हे पाहणे कोणा एकावर रोखलेले नसेल आणि तो माणसाचा कायमचा भाव असेल, तर ‘दुर्मुखलेला’ किंवा ‘सदा आंबट चेहऱ्याचा’ हे शब्द नेमके बसतात. येथे एक सापळा आहे. ‘डोळे वटारणे’ हा वाक्प्रचार रागाचा असला तरी तो ‘स्काउल’ नव्हे. पाहुण्यांसमोर चौथा लाडू उचलणाऱ्या मुलाकडे आई पाहते तेव्हा तिचे डोळे मोठे होतात आणि भुवयांच्या खाली लपत नाहीत. इंग्रजीत त्याला ‘ग्लेअर’ म्हणावे. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा झाला असेल तर तो ‘ग्रिमेस’, कारण त्यात संपूर्ण चेहरा वेडावाकडा होतो. गाल फुगवून, ओठ पुढे काढून रुसलेले मूल ‘पाउट’ करत असते.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, बहुतेक ठिकाणी ‘फ्राउन’ लिहिले तर फारसे चुकत नाही. ‘सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या’ याला ‘फ्राउन्ड’ पुरते. त्या जर कोणाकडे तरी रोखून, काही न बोलता, बराच वेळ तशाच पाहत राहिल्या असतील, तर ‘स्काउल्ड’ करावे. ‘त्याने तोंड पाडले’ यासाठी मात्र ब्रिटिश वाचकासमोर ‘फ्राउन’ ठेवू नये. त्याला भुवया दिसतील, आणि आपण तर पडलेले तोंड सांगत आहोत. तेथे ‘हिज फेस फेल’ ही इंग्रजीतली चालती रचना वापरावी. वर्तमानपत्री मराठीतील ‘अनेकांच्या भुवया उंचावल्या’ याचे भाषांतर ‘फ्राउन’ने करणे ही तर सरळ उलटी दिशा झाली, कारण तेथे भुवया वर गेल्या आहेत आणि भाव आश्चर्याचा किंवा शंकेचा आहे.

डॉक्टरांचे ते वाक्य आम्ही पुढच्या आठवड्यात फळ्यावर पुन्हा लिहिले. एका विद्यार्थिनीने ‘डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली’ असे सुचवले. दुसऱ्याने ‘बारीकशी’ हा शब्द ‘आठी’च्या आधी घालावा की नाही यावर वाद काढला. मूळ वाक्यात ‘स्लाइटली’ नव्हते, म्हणून शेवटी आम्ही तो घातला नाही.